किसनचा कप्तान

ज्या माणसाशी तुम्ही एकाच गोष्टीवरून कित्येक महिने भांडत आलात, तो भांडण अर्धं टाकून गेला, तर उरलेल्या अर्ध्याचं तुम्ही काय करता? गेले काही आठवडे मी हा प्रश्न घेऊन फिरतो आहे. पुणतांब्याचा किसन गेला. काविळीनं गेला. मी नगरच्या छापखान्यात एका सभेच्या पत्रकाचे खिळे जुळवत होतो, तेव्हा त्याच्या वस्तीवरचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "किसन गेला. मातीबी झाली काल." हातातली ओळ मी पुरी केली. पत्रक वेळेवर निघायला हवं होतं... त्यात काय होतं, ते आज आठवत नाही.

आमची मैत्री शाळेपासूनची. मी पत्रकांवर वाढलो. वडील संघटनेचे, घरात गोष्टीचं पुस्तक म्हणजे चैन. किसनला मात्र गोष्टी लागत. नगरच्या जुन्या बाजारातून त्यानं मुखपृष्ठ फाटलेली एक कादंबरी उचलली होती. नाव नाही, लेखक नाही. दोन ग्रहांमधल्या युद्धाची कथा. त्यातल्या एका अवकाशनौकेचा कप्तान जन्मला एका ग्रहावर आणि वाढला दुसऱ्यावर; लढतोही त्या दुसऱ्याच्याच बाजूनं. त्याला हुकूम येतो, तुझ्या जन्मग्रहाच्या बंदरावर मारा कर. कप्तान हुकूम लपवत नाही. साऱ्या खलाशांना गोळा करून सांगतो, त्या बंदरात माझी आई राहते, मारा करताना माझा हात अडखळेल. मी कप्तान राहावं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मला हा कप्तान अजिबात पटला नाही. सुट्टीच्या दिवशी मी रेल्वेनं पुणतांब्याला जाई आणि गोदावरीच्या कोरड्या वाळूत बसून आमचं जुंपे. "पुढाऱ्याला आई नसते," मी म्हणे. "आतून दुभंगलेल्या माणसानं हुकूम देऊ नये. जागा सोडावी."

"मग तुला मानूस नकोच हाय, दगुड पायजे."

"लढाई चालू आहे, किसन. हा मतं कसली घेत बसलाय? तोवर समोरचे उडवतील सगळ्यांना."

"उडवतील की. पन ज्याच्या सांगण्यावरनं मरायचं त्याच्या पोटात काय हाय, ते कळाय नको व्हय?"

"पोटातलं ज्याचं त्यानं पोटात ठेवावं."

"तुजं पत्रक बोलतंय, लेका. तू कधी बोलनार?" असं म्हणून तो कागदात बांधलेली सुकडी माझ्यापुढं धरी. ती दुष्काळी कामावर मजुरांना खायला वाटलेली असे.

कारण पाऊस पडलाच नव्हता, आणि अर्धं गाव खडी फोडत होतं. टोळ्या दोन, एक गावातली, एक किसनच्या बौद्ध वस्तीची. किसन मॅट्रिक झालेला आणि मापाला चोख, म्हणून दोन्ही टोळ्यांनी मिळून त्यालाच मुकादम केलेलं. त्याची आई, गयाबाई, वस्तीच्या टोळीत हातोडी चालवायची. जेवणाच्या सुट्टीत तो लिंबाखाली कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवी.

"ह्या कप्तानाचं लगीन झालंय का?" गावच्या टोळीतल्या सीताबाईंनी एकदा विचारलं.

"न्हाई, काकू."

"तरीच आईचं एवढं. बायकू असती तर बोलला असता का त्यो?"

सगळी टोळी हसली. गयाबाई सगळ्यांत जास्त हसल्या.

मग एक दिवस ओव्हरसियर आला. इथली खडी संपत आली, इथं एकच टोळी राहील, दुसरीनं लांबच्या पाझर तलावावर जायचं. पहाटे निघावं तेव्हा पोचावं, इतकं लांब. टोळ्यांनी पाळीपाळीनं जातो म्हटलं, तर दोन्ही कामांचे हजेरीपट वेगळे, साहेब ऐकेना. कोण जाणार ते मुकादमानं सांगायचं. त्या दिवशी मी तिथंच होतो. किसन खडीच्या ढिगावर चढला आणि म्हणाला, "वस्तीच्या टोळीत माजी आई हाय. तिला तेवढं लांब धाडायचं माज्या जिवावर येतं. तवा माजा निवाडा सरळ असंल, असं धरू नका. मी मुकादम ऱ्हाऊ का न्हाई, तुमी सांगा."

मग सीताबाई म्हणाल्या, "आमाला काय पोरंबाळं न्हाईत? सांगितलंस ते बरं केलंस. आता तूच ठरीव." दोन्ही टोळ्यांतल्या माना हलल्या. किसननं निवाडा दिला. गावच्या टोळीत अंगावर पिणारी पोरं असलेल्या बाया जास्त होत्या, ती टोळी थांबेल. वस्तीची टोळी तलावावर जाईल.

गयाबाईंनी हातोडी फडक्यात गुंडाळली. "गावाच्या लेकरांची माय झालास," त्या म्हणाल्या. "आता माजा कुठं ऱ्हायलास?" त्यानंतर त्या त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. भाकरी वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. याचा त्याला फार त्रास झाला. वाळूत बसल्यावर तो कप्तानाचं नावसुद्धा काढीना. मीही काढलं नाही. काही दिवसांत त्याचे डोळे पिवळे झाले.

तो गेल्यावर मी गयाबाईंकडे गेलो. त्या चुलीपाशी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापत होत्या, एकटीपुरत्या. मी म्हणालो, "मावशी, त्यानं तुम्हाला लांब पाठवलं, त्याचा राग अजून आहे का?"

"पायाला फोड आले तवा हुता," त्या म्हणाल्या. "पन त्यानं आधी समद्यांम्होरं सांगितलं ना, मला धाडायचं त्याच्या जिवावर येतं म्हनून. कोन सांगतंय रं असं? ते मी ऐकलं हुतं."

"त्याला हे बोललात का?"

"न्हाई... बरा झाला की बोलनार हुते."

मी नगरला परत आलो. सुट्टीचा दिवस आता संपता संपत नाही. सभा होतात, घोषणा होतात, माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे पुष्कळ आहेत. पत्रक बोलतंय, असं म्हणणारा कुणी नाही. आणि ज्यांच्याविरुद्ध निवाडा द्यायचा त्यांच्यात, पलीकडे, आपलं कुणीही नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारे पुढारी मी रोज पाहतो. दुष्काळी कामांवर त्यांचे मेहुणे ठेकेदार निघतात. तरीही लढाईत मत घ्यायला वेळ असतो, हे मला आजही पुरतं पटलेलं नाही. किसन असता तर भांडलो असतो.

पण एक काम मी तुमच्यावर सोपवतो. तुमच्या टोळीत, संघटनेत, गावात कुणाला पुढं करायची वेळ येईल, तेव्हा त्याला सगळ्यांच्या देखत विचारा, पलीकडे तुझं कोण आहे? तो "कुणी नाही" म्हणाला, तर त्याला निवडू नका.