भगताचं ताट

बारागाड्या ओढायला भगत वजनदारच पाहिजे, अशी आमच्या गावात सगळ्यांची ठाम समजूत आहे. पोरंसोरं तर भगताचं पोट पाहूनच शिट्ट्या मारतात. मी धुळ्याहून लग्न करून या अनेर नदीकाठच्या गावात आले, तेव्हा मीही मान डोलावली होती. आता कोणी माझ्यासमोर असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. गाड्या ओढणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं काम शेवटी त्यांच्यापुढून पळायचं असतं, आणि तिथे पोट आडवं येतं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मरिमातेच्या यात्रेत बारा बैलगाड्या बैलांशिवाय एकीमागे एक बांधतात. त्यांत माणसं कोंबून बसतात. पहिल्या गाडीचं जू मधोमध भगत धरतो, आणि दोन टोकांना त्याचे दोन साथीदार. त्यांना बगले म्हणतात. देवळापासून निघायचं ते नदीकडच्या पारापर्यंत. मागून शंभर हात रेटत असतात म्हणून गाड्या चालतात, हे मी उघड बोलले तर गावात माझं काही खरं नाही. पण शेवटची पन्नास पावलं उतार आहे. तिथे कोणाला ओढावं लागत नाही, गाड्याच माणसांना ढकलत नेतात. पाराशी आलं की तिघांनी जू टाकून बाजूला उडी मारायची. जू जमिनीत रुतलं तरी मागच्या अकरा गाड्यांचा रेटा पहिलीला चार-पाच हात पुढे नेतोच.

शहाऐंशीच्या अखाजीला भगत असलेले आमचे जेठ कौतिकनाना उडी मारू शकले नाहीत. पाराशी येईपर्यंत त्यांना धाप लागली होती, गुडघा वळला आणि ते जागच्या जागी बसले. डाव्या अंगाचा बगला म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ भटू, माझा नवरा. त्याने दोन्ही हातांनी नानांना लोटलं. नाना वाचले. भटूचं डावं पाऊल चाकाखाली आलं. तीन बोटं गेली, आणि उरलेलं पाऊल असं वाकडं बसलं की आता बाहेरची कड आधी टेकते आणि मग बाकीचा पाय.

शिरपूरला दवाखान्यात मी पंधरा दिवस भटूच्या उशाशी होते. नाना रोज यायचे, दाराशी उभे राहायचे आणि जायचे. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करायची. जेठाशी धाकट्या भावाच्या बायकोने बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यांच्या-माझ्यात एक शब्द झाला नव्हता. खरं सांगते, त्या पंधरा दिवसांत मला त्या रीतीचा फार राग आला, कारण मला बोलायचं होतं. मला म्हणायचं होतं, तुमच्या खाण्यापायी माझ्या नवऱ्याचा पाय गेला.

तिथल्याच डॉक्टरांनी नानांना काट्यावर उभं केलं. एकशे चार किलो. ब्लडप्रेशरही वाढलेलं. घरी आल्यावर नाना ओट्यावर बसून सगळ्यांदेखत म्हणाले, "पुढली अखाजीले मी हलका व्हसू. मन्हापायी आते कोनाच पाय जावाले नको."

तुम्ही म्हणाल, भगतपण सोडून द्यायचं. तेही सोपं नव्हतं. भगतपण आमच्या घरातच चालत आलेलं. नानांना मुलगा नाही. त्यांनी सोडलं की जू मधोमध धरायचा मान भटूचा, त्या पायाने. आणि भटूला विचाराल तर तो पलंगावरूनच सांगायचा, "नाना सोडतीन तं मी धरसू. नहीतर बगला मीच ऱ्हासू." मी भांडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. भटू बधला नाही. तेव्हा माझ्यापुढे एकच वाट उरली. नवऱ्याला जिवंत ठेवायचं असेल तर जेठाला बारीक करायचं.

नानांनी आपल्या परीने सुरुवात केली ती उपासांनी. श्रावण अख्खा, मग नवरात्र, मधले सोमवार आणि शनिवार वेगळे. माणूस उपास करतोय म्हणून आम्ही दोघी जावा कौतुकाने करून घालायचो. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तीत दाण्याचा कूट मूठमूठ. दुपारी तुपातली भगर आणि बटाटे. अधूनमधून केळी, चोपड्याकडून घडच यायचा. दिवाळीत गावात कापसाचा काटा सुरू झाला, तेव्हा नाना गाठोड्यांच्या मधून जाऊन काट्यावर उभे राहिले. एकशे सात. काट्यावरचा माणूस हसला आणि नाना धोतर सावरत घरी आले. तीन महिने उपास करून तीन किलो वाढवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग त्यांनी डॉक्टरांचा कागद काढला. चार भाकरींच्या दोन करा, तेल कमी, गोड बंद. त्यांनी भाकरी तेवढ्या मोजल्या. दोन भाकरी आणि वाटीभर शेव-भाजी खाऊन उठायचे, आणि अकरा वाजता शेतात त्यांचे हात थरथरायचे. पाचव्या दिवशी मी गोठ्यातून आले तर नाना स्वयंपाकघरात गुळाच्या डब्याजवळ उकिडवे बसलेले. ढेपेला दात लावून गूळ खात होते. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. माझ्या मनात आलं, चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या आणि एवढाही दम धरवत नाही! मी ते कुंदाअक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तोंडावर बोलून दाखवलं.

अक्का भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्यास्ले भूक सहन व्हत नही, लता. बहात्तरना दुष्काळमा आम्ही खडी फोडूत. दिनना तीन भाकरी व्हयेत. एक माले, दोन भटूले, तो वाढाना अंगले व्हता. ह्या पानी पीसन झोपेत. मंग पोटमा गोळा उठे तं रातभर बसी ऱ्हायेत. तव्हाच म्हने व्हतात, आते कव्हय उपाशी ऱ्हावाव नही."

ज्या भाकरीवर माझा नवरा वाढला, ती कोणाच्या ताटातली होती हे मला सात वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. राग गेला असं म्हणणार नाही, पण त्याची धार गेली. आणि एक गोष्ट पक्की झाली. या माणसाला उपाशी ठेवून बारीक करता येणार नाही. पोट भरूनच करावं लागेल.

ते कसं, ते मला गोठ्यात सुचलं. आमच्याकडे तेव्हा दोन म्हशी होत्या. एक दुभती, एक भाकड. दुभतीला आम्ही सरकीची ढेप, म्हणजे पेंड, घालायचो, भाकडीला नुसता हिरवा चारा. भाकड म्हैस दिवसभर चरायची, पोट टम्म, निवांत रवंथ करायची, आणि तरी तिच्या बरगड्या मोजता यायच्या. मी शेणाच्या हातांनीच घरात गेले.

"अक्का, आपन नानास्ले ढेप चारी ऱ्हायनूत," मी म्हटलं. "चारा द्या."

अक्का आधी हसल्या. मग त्यांच्याही ध्यानात आलं. जनावरांच्या अंगावर काय चढतं आणि नुसतं पोट कशाने भरतं, हे शेतकऱ्याच्या बाईला कागदावर लिहून द्यावं लागत नाही. फक्त माणसाच्या ताटाकडे आम्ही कधी तसं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ताट उलटं झालं. आधी मोठा वाडगा भरून पातळ गरम कढी, लोणी काढलेल्या ताकाची. मग परातीएवढ्या ताटलीत भाजी: मेथी, पालक, गिलकी, कोबी, जे मळ्यात असेल ते. सोबत दोन मुळे, दोन काकड्या. एक वाटी मुगाचं वरण किंवा फुनके, म्हणजे वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके. आणि हे सगळं संपलं की शेवटी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, एक भाकरी. आधी मागितली तरी द्यायची नाही. खानदेशात भाजीवर तेलाचा तवंग नसेल तर पाहुणा उठून जातो, आणि इथे आम्ही फोडणीला चमचा मोजत होतो. त्याची भरपाई मी लसूण आणि हिरव्या मिरच्या कोरड्या तव्यावर भाजून केली. तो ठेचा जिभेवर ठेवला की तेलाची आठवण राहत नाही, पाण्याची राहते.

पहिल्या दिवशी नानांनी ताटाकडे पाहिलं आणि अक्कांना विचारलं, "हाई जेवन शे का चारा?"

"चाराच शे," अक्का म्हणाल्या. "बठ्ठा खाना पडी."

त्यांनी खाल्लं. अकराला मी मुद्दाम काकड्या घेऊन शेतात गेले आणि बांधावर ठेवून परत फिरले. हात थरथरत नव्हते. आठ दिवसांनी ते संध्याकाळी अक्कांना हळूच म्हणाले, भूक लागत नाही, मग हे औषध लागू पडेल का? माणसाला त्रास झाल्याशिवाय गुण येतो यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. महिन्याने कापसाच्या काट्यावर एकशे एक भरले. त्या दिवसापासून त्यांनी ताटाला नाव ठेवलं नाही. पहाटे उठून देवळापासून पारापर्यंत आधी चालायला आणि पौषात पळायला लागले.

हिवाळ्यात शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या. वांगी काड्यांवर भाजायची आणि वर तेल ओतताना हात आखडायचा नाही. नाना जायचे. आपलं वांगं वेगळं भाजून घ्यायचे, त्यात कांद्याची पात, ठेचा आणि मीठ, तेलाचा थेंब नाही. अशी तीन-तीन वांगी खायचे. लोक टिंगल करायचे, नाना खाली मान घालून खात राहायचे.

खरी पंचाईत चैत्रात झाली. अखाजीआधी महिनाभर भगताला घरोघर जेवायला बोलावतात. पुरणाचे मांडे, वर तुपाची धार. नाही म्हटलं तर मरिमातेचा अपमान. त्यातून नानांचे गाल बसलेले, बंडी अंगात लोंबत होती. सुपडूआबा गावातले सर्वांत वडील. ते आमच्या ओट्यावर येऊन काठी आपटत म्हणाले, "भगत सुकी गया तं गाडा कोन वढी? गावले बट्टा लावशी का?"

नाना शांतपणे म्हणाले, "आबा, वढसू. आनि वढीसन बाजू बी व्हसू."

त्यावर आम्ही तोड काढली. जेवायला जायच्या आधी नानांनी घरी ताट पुरं करायचं, कढीपासून भाकरीपर्यंत. मग तट्ट भरल्या पोटाने पाहुणचाराला जायचं, मांड्याचा एक तुकडा कपाळाला लावून खायचा आणि हात जोडायचे. भरलेल्या पोटाला आग्रह चिकटत नाही, हे मी महिनाभर पाहिलं. सव्वीस घरं झाली. अखाजीच्या चार दिवस आधी, कापूस केव्हाच संपलेला, तरी व्यापाऱ्याने खास नानांसाठी काटा बाहेर काढला. चौऱ्याऐंशी.

अखाजीच्या दिवशी मी बायकांबरोबर पाराच्या अलीकडे उभी होते. बाकीच्या बायका अखाजीचे झोके आणि गाणी सोडून आल्या होत्या. गाड्या निघाल्या. हळद, गुलाल, ढोल. लांबून नाना दिसले, मधोमध, आणि डाव्या अंगाला भटू, पावलाची कड आधी टेकत. उतार लागला. गाड्यांनी वेग घेतला आणि भटूची लय चुकायला लागली. मला ते पावलापावलाला दिसत होतं. उजवीकडचा बगला जू सोडून उडाला. भटूने उडी मारायला वाकडा पाय टेकवला आणि तो वळला.

मी ओरडले. सात-आठ वर्षं ज्या माणसासमोर मी पदराआडून श्वासही मोठा घेतला नव्हता, त्याला मी भर यात्रेत हाक मारली, "नाना, धरा!"

त्यांना ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नाहीच. त्यांनी जू टाकलं, भटूच्या कमरेत हात घातला, आणि लहान पोर उचलावं तसा त्याला उचलून दोन उड्यांत बाजूला झाले. चाक जिथून गेलं तिथे भटूची वहाण राहिली होती. बगल्याने यात्रेत वहाण घातली म्हणून नंतर सुपडूआबा आठ दिवस बोलत होते. बोलोत बापडे.

मी दोघांकडे पाहत राहिले. भटू फार जड नाही, साठ किलोचा. पण गेल्या वर्षीचे नाना स्वतःलाच उचलू शकले नव्हते. मी तिथेच मातीत बसले आणि मोठ्याने रडले. लाज वाटली नाही.

संध्याकाळी भटूने आपण होऊन सांगितलं की पुढच्या वर्षी बगला चुलतभाऊ होईल. मी देवापुढे साखर ठेवली. अक्कांनी त्या दिवशी मांडे केले होते, घरचा सण म्हणून. पण नानांनी पाटावर बसून आधी कढीचा वाडगा मागितला. मग भाजी, काकडी, वरण. शेवटची भाकरी घेऊन वाढायला मी गेले. अक्का चुलीशी होत्या, भटू बाहेर. रीतीप्रमाणे मी ती ताटात ठेवून मागे फिरायला हवं होतं.

मी पदर मागे सारला आणि विचारलं, "नाना, पोट भरनं का?"

ते दचकले. मग त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले, अर्धी ताटाच्या कडेला काढून ठेवली.

"भरनं, माय," ते म्हणाले. "हाई भटूले दे."