पाकोळ्यांच्या घराचा कठडा

अमेरिकेतल्या ओहायोत, साधेपणाचे कडक नेम पाळणाऱ्या आमिश ख्रिस्ती मंडळीत लव्हिना गिंगरिचला कुणी कधी गर्विष्ठ म्हटलं नव्हतं. गडद झगा, डोक्यावर टोपी, दाराशी घोडागाडी, साठी उलटेपर्यंत या विधवेने सगळं नेमाने पाळलं. पण या वसंतात तिने जांभळ्या पाकोळ्यांसाठी, त्या लहान पाखरांसाठी, नवं घर उभारलं आणि ते लोकांच्या डोळ्यांत सलू लागलं.

या पाकोळ्या माणसाने बांधून दिलेल्या घरातच राहतात, म्हणून तिकडे अंगणोअंगणी खांबावर त्यांचं घर असतं. लव्हिनाचं जुनं पत्र्याचं घर उन्हात तापायचं. गेल्या उन्हाळ्यात तर दारात रेटारेटी करताना नऊ पिल्लं खाली पडली आणि मांजराचं फावलं. हिवाळाभर तिने शेजाऱ्यांकडची घरं पारखली. एकही मनास येईना, तेव्हा स्वतःच लाकडाचं ठोकलं. बारा खोल्या, प्रत्येक दारापुढे सज्जा आणि सज्ज्याला बारीक काड्यांचा कठडा.

लोकांना नेमका कठडाच दिसला. साधेपणाचा एवढा बाऊ करणाऱ्यांना काडीतही नखरा दिसतो. शनिवारी मंडळीचा कारभारी मेन्नो ट्रॉयर समज द्यायला आला. लहानपणापासूनचा ओळखीचा, म्हणून जरा चाचरतच बोलला. कठडा कापायचा, नाहीतर उद्या सगळ्यांसमोर गुडघे टेकून माफी मागायची. तेही जमत नसेल तर मंडळी वाळीत टाकेल.

लव्हिनाने त्याला कॉफी दिली, आतून करवत आणून त्याच्यापुढे धरली आणि ओसरीच्या कठड्यावर हात ठेवला.

"आधी हा काप."

मेन्नोने मान खाली घातली. सव्वीस वर्षांपूर्वी याच ओसरीवरून तिचा तीन वर्षांचा आमोस दगडावर पडला आणि गेला. त्याला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी मेन्नोच हातोडा घेऊन आला होता.

"तेव्हा हा नखरा नव्हता वाटला तुला?"

"ती पाखरं आहेत, लव्हिना."

"पाखरंच आहेत. पण मेलेलं पिल्लू गवतातून उचलायला तू येत नाहीस, मी जाते. मी गुडघे टेकणार नाही आणि कठडाही कापणार नाही. टाका वाळीत."

पुढे धरलेली करवत तिने मागे घेतली नाही. मेन्नोने ती हळूच काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"उद्या मंडळीसमोर तुझ्याआधी मी उभा राहतो," तो म्हणाला. "पहिला कठडा मी ठोकला होता."