सागवानी फाळका आणि मागचा लाल दिवा

मला एका जागी बसवत नाही, हे माझ्या आईपासून सगळ्यांनी सांगून झालंय. पण त्या महिन्यात तर माझा जीव नुसता खाली-वर होत होता. कारण काय, तर आमच्या ट्रॉलीचा मागचा दिवा.

नवरा बोअरवेलच्या मशीनसोबत फिरायचा. पुढे मशीनचा ट्रक, मागे नवऱ्याचा ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरला जोडलेलं आमचं घर. म्हणजे पत्र्याचं छप्पर ठोकलेली ट्रॉली. आत एक खाट, स्टो, पाण्याचा ड्रम आणि तीन वर्षांची लेक. गोंडपिपरीपासून आलापल्लीपर्यंत किती गावांत आम्ही त्या ट्रॉलीत राहिलो, आता सांगताही येणार नाही.

त्या वर्षी ट्रॉलीची मागची बाजू गंजून गळायला आली. दुसरीकडे कोणी नवं लोखंड लावलं असतं. पण आलापल्लीचा सुतार, सागाच्या जंगलातला, त्याला लोखंडाचं काय कौतुक! त्यानं मागची आडवी पट्टी सागवानाची घातली, फाळकाही सागवानाचाच केला. ट्रॉलीची मागची झडप म्हणजे फाळका. तो दोन साखळ्यांवर आडवा सोडला की आमची ओसरी व्हायची. नवऱ्यानं हौसेनं साखळ्यांसकट सगळ्याला तेलरंग दिला आणि चंद्रपूरहून एलईडीचे दोन लाल दिवे आणून सागवानी पट्टीवर बसवले. जुने बल्ब जंगलच्या रस्त्यावर धक्क्यानं आठवड्यात उडायचे. "आता दहा वर्षं पाह्यनं नाई," म्हणाला.

दहा वर्षं! दहा दिवसही गेले नाहीत.

रस्त्यानं जाताना मी फाळक्यावर बसायची, पाय खाली सोडून. आत उकडायचं. त्या दिवशी संध्याकाळी लेक रडत उठली म्हणून मी आत गेले. तिला थोपटत होते तोच मागे करकचून ब्रेक लागला. बांबूचा ट्रक होता. फाळक्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला आणि नवऱ्याच्या अंगावरच धावून गेला.

"लाइट काऊन नाई बे तुह्या गाडीले? माणसं मारतं काय?"

लेकीला छातीशी घेऊन मी फाळक्यावर मटकन बसले. नवरा मागे आला, वाकून पाहतो तर दोन्ही दिवे लालबुंद.

"हे काय जळून राह्यले ना! तुले दिसत नाई तं मी काय करू?"

"आत्ता नव्हते," ड्रायव्हर म्हणाला. दोघं एकमेकांची आय-माय काढून मोकळे झाले.

मला मात्र रात्रभर डोळा लागला नाही. मी सात वर्षांची असताना चिमूरच्या रस्त्यावर आमच्या बैलबंडीला मागून ट्रकनं ठोकलं होतं. बंडीला कंदील नव्हता. बाबा मागच्या टोकाला बसले होते. ते गेले. नवऱ्याला हे माहीत होतं, पण भांडणात ते काढायचं नाही असं मी ठरवलं होतं. सकाळी एवढंच म्हटलं, "दिवा नीट झाल्याशिवाय मी पोरीले घेऊन या ट्रॉलीत बसत नाई."

"अवं, जळते ना तो!"

"मंग ट्रकवाल्यानं काय सपन पाह्यलं?"

मुक्काम त्याच संध्याकाळी हलणार होता. नवरा करवादला, पण कामाला लागला. फ्यूज काढून पाहिला, चांगला. मग दिव्यांवर राग काढला, चायनाचा माल म्हणून शिव्या घातल्या. टेस्टरचा बल्ब घेतला, एक टोक लाल वायरला, एक चेसीच्या लोखंडाला. बल्ब भक्कन लागला. "पाह्य, करंट बरोबर येऊन राह्यला!" तरी मी हटेना म्हणून ट्रॅक्टरपासून मागपर्यंत नवी लाल वायर ओढली. मी तोवर फाळक्यावर बसून तांदूळ निवडत होते. दोन्ही दिवे छान जळत होते.

"झालं समाधान?"

नाही झालं. सांगता येत नव्हतं, पण नाही झालं. मी म्हटलं, "तुम्ही चालवा, मी मागून येते."

मशीनवर काम करणारे एक वयस्कर भाऊ होते. त्यांच्या मोटरसायकलवर लेकीला मांडीत घेऊन मी बसले. ट्रॅक्टर निघाला आणि ट्रॉलीच्या मागे अंधार! एकही दिवा नाही. मी अशी बोंब मारली की नवऱ्यानं जागीच गाडी उभी केली.

तो तणतणत मागे आला. तोवर भाऊ टेकायला म्हणून फाळक्यावर बसले आणि बिडी काढली. दिवे लागले.

"आता बोल!" नवरा म्हणाला.

मी दिव्यांकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं. "भाऊ, उठा बरं."

भाऊ उठले. दिवे गेले.

"बसा."

बसले. लागले.

"काय बापा, माह्यात करंट हाय काय!" भाऊ हसायला लागले.

नवरा हसला नाही. तो ट्रॉलीखाली शिरला. दिव्याची काळी वायर त्यानं फाळक्याच्या साखळीच्या बोल्टाखाली दाबली होती. आयुष्यभर त्याची एकच सवय, काळी वायर बॉडीला लावायची की काम झालं. पण ही बॉडी सागवानाची. लाकडातून कुठचा करंट परत जातो? त्याला लोखंडी चेसीपर्यंत जायला वाट उरली होती फक्त साखळीची. रंग दिलेल्या कड्या सैल असल्या की तीही बंद. वर कोणी बसलं की कड्या ताणून एकमेकींत रुतायच्या आणि दिवा लागायचा.

मी तोंड उघडलं होतं. बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण तो खालून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हंजे इतके दिवस," तो म्हणाला, "तू बसून राहे म्हणून दिवा जळे."

आणि मी जिथं बसून राहायची, ट्रकनं पहिल्यांदा तिथंच ठोकलं असतं. मला एकदम बाबा आठवले आणि रस्त्यातच रडू फुटलं. भाऊंनी लेकीला कडेवर घेतलं आणि चिंचेच्या झाडाखाली नेलं.

नवऱ्यानं काळी वायर थेट ट्रॅक्टरपर्यंत ओढली. रिकामा फाळका दाबून पाहिला, हलवून पाहिला, लाथ घालून पाहिला. दिवे जळतच राहिले. मग त्यानं फाळका वर करून खिट्टी ठोकली.

"पोरीले घे अन् समोर ये," तो म्हणाला, "माह्याजवळ बस."

आलापल्लीपर्यंत मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून गेले, लेक मांडीत. दर मैलावर मान वळवून मागे पाहत होते. शेवटी त्यानंच गाडी थांबवली, उतरून मागे जाऊन आला आणि म्हणाला, "जळते." मी काही बोलले नव्हते. पुढच्या मैलावर तो पुन्हा उतरला.