आमच्या गॅरेजातलं पिंप

आम्ही नवरा-बायको दोघंही दारूला शिवत नाही. तरी न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरात, रोटोटुना भागातल्या आमच्या घरी बिअरचं पिंप जवळजवळ दोन वर्षं मुक्कामाला होतं. ते कसं आलं असं कुणी विचारलं, की आजही माझं डोकं उठतं.

शेजारच्या घरात इंग्लंडच्या उत्तरेकडचे एक आजोबा राहायचे. बायको गेल्यावर ते मुलगी-जावयाकडे न्यूझीलंडला आले होते. त्यांनी सगळं आयुष्य तिकडच्या एका जुन्या ब्रुअरीत काढलं होतं. पिंपं धुण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी तिथली बिअर त्यांच्याच हाताखाली बनत होती. मग एका मोठ्या कंपनीनं ती ब्रुअरी विकत घेतली, थोड्याच काळात तिला कुलूप लावलं आणि त्या जागेवर फ्लॅट उभे राहिले. ती बिअर आता जगात कुठेच मिळत नाही, हे त्यांनी आम्हाला पहिल्या भेटीत सांगितलं, दुसऱ्या भेटीत सांगितलं, आणि त्यानंतर मी कचऱ्याची पिशवी रस्त्यावर ठेवायला गेले तरी सांगत राहिले.

इथल्या बिअरवर त्यांचा फार राग. बर्फासारखी गार आणि गॅसनं फुगवलेली. ही माणसं बिअर पीत नाहीत, दात बधिर करून घेतात, असं ते म्हणायचे. त्यांची ती रिअल एल. पिंपात भरल्यावरही तिच्यातलं यीस्ट जिवंत राहतं, ती आतल्या आत मुरते. बाहेरून गॅस सोडायचा नाही, ग्लासात घ्यायची ती हातानं ओढायच्या पंपानं, आणि थंडावा तळघराइतका, त्याहून जास्त नाही. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट. दिवसभर लोकांना जेवणाआधी कुठली गोळी आणि जेवणानंतर कुठली हे समजावून यायचे. संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून बिअरचं शास्त्र ऐकायचं त्राण माझ्यात नसायचं.

नवऱ्यात होतं. तो हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणारा इंजिनिअर. कुठलंही बंद पडलेलं यंत्र दिसलं की त्याला ते उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आजोबांनी एकदा त्याला तिकडून आणलेला बिअरचा हातपंप दाखवला. हातपंप म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावच्या बोअरिंगचा दांडा आला, पण हा पितळी, चकचकीत, चिनीमातीची मूठ असलेला होता आणि गंजून घट्ट बसला होता. नवऱ्याचे पुढचे कित्येक शनिवार त्या पंपात गेले. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याचे वॉशर वाळत पडलेले असायचे.

पंप चालू झाल्यावर साहजिकच बिअर हवी. आजोबा ती घरीच बनवायला लागले, पण पिंप ठेवायचं कुठे? त्यांच्या गॅरेजात जावयाची बोट, आणि ते गॅरेज पश्चिमेचं, दुपारभर तापायचं. आमचं दक्षिणेला. इकडे सूर्य उत्तरेकडून येतो, त्यामुळे दक्षिणेची बाजू कायम गार. एक दिवस कामावरून आले तर माझी गाडी लावायच्या जागी लाकडी घोडीवर आडवं पिंप. नवऱ्यानं मला न विचारता होकार देऊन टाकला होता. पिंप हलवायचं नाही, धक्का लावायचा नाही, तळाचा गाळ वर येतो, अशा सूचनाही होत्या. मी माझ्याच घरात चवड्यांवर चालायला लागले.

महिन्यातून एकदा आमच्याकडे बुद्धवंदना असायची. हॅमिल्टनमधली आमची चार कुटुंबं, बहुतेक नागपूर-अमरावतीकडची, डॉक्टर, नर्स अशी. चपला सगळ्यांच्या गॅरेजात काढायच्या. त्या रविवारी पिंपावरच्या लाकडी खुंटीतून बारीक फसफस चालली होती आणि वास घरभर. आत सगळे हात जोडून पंचशील म्हणत होते. दारू वर्ज्य करणाऱ्या पाचव्या शीलाशी, सुरामेरय म्हणताना, मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

चहाच्या वेळी एका डॉक्टरांची आई, मुलाकडे नागपूरहून आलेल्या काकू, मला म्हणाल्या, "गॅरेजात काय आंबवलंस गं, इडलीचं पीठ का?"

चौथं शील नुकतंच म्हणून झालं होतं, खोटं बोलायची सोय नव्हती. मी सांगितलं, बिअर आहे, शेजाऱ्यांची. त्यांनी विचारलं, तुम्ही पिता का? मी म्हणाले, नाही. "मग ठेवता कशाला?" मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. तो काकूंना पंप कसा चालतो ते सांगायला लागला.

काही महिन्यांनी गावाबाहेरच्या एका पबचा मालक तयार झाला. एका गुरुवारी संध्याकाळी त्याच्या बारवर पंप बसवायचा आणि येईल त्याला आजोबांची एल चाखायला द्यायची. विकायला परवाना लागतो म्हणून फुकट. त्या आठवड्यात गॅरेजातला वास मला बदललेला वाटत होता. आधी तो पावासारखा यायचा, आता नाकात टोचत होता. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, त्यांनी जन्मभर हेच केलंय. त्यांना कळणार नाही का?"

पिंप उचलायला माणसं हवीत म्हणून मलाही जावं लागलं. पबमध्ये सिगारेट ओढायला सरकारनं नुकतीच बंदी घातली होती, त्यामुळे हवा स्वच्छ होती आणि वास लपायला जागा नव्हती. आजोबांनी कोट घातला होता. त्यांनी दांडा ओढला, पहिला ग्लास भरला आणि मी बारच्या या टोकाला संत्र्याचा रस घेऊन बसले होते तिथवर व्हिनेगर पोचलं.

लोक आले. शेतावरून बूट न काढता आलेले, जँडल्स म्हणजे रबरी चपला घातलेले, सगळे हसतमुख. घोट घेत, क्षणभर थांबत आणि म्हणत, नॉट बॅड. कुणी म्हणाला, इंटरेस्टिंग. एकानं तर स्वीट ॲज, म्हणजे इकडच्या बोलीत झकास, म्हणून आजोबांची पाठ थोपटली आणि ग्लास हळूच खिडकीतल्या कुंडीत ओतला. थोड्या वेळात बाकावर, खिडकीत, पूल टेबलाच्या कडेला भरलेले ग्लास साचले. मालकानं ते मुकाट्यानं उचलले. मी नवऱ्याच्या कानात म्हणाले, सांग त्यांना. तो म्हणाला, आता नको. मालकाला म्हणाले, तुम्ही सांगा. त्यानं खांदे उडवले. एवढी धडधाकट माणसं, पण एका म्हाताऱ्याला तुमची बिअर आंबलीय म्हणून सांगायची एकाचीही तयारी नव्हती. परतताना गाडीत आजोबा इथल्या लोकांच्या जिभेला बोल लावत होते, आणि नवरा हो हो करत गाडी चालवत होता.

सकाळी ते पिंप धुवायला आले तेव्हा मी गॅरेजात गेले आणि सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, तू आयुष्यात एक पाइंट बिअर तरी प्यायली आहेस का?

"नाही," मी म्हणाले. "पण नाक आहे मला. हे व्हिनेगर आहे."

त्यांनी तळाशी उरलेली ग्लासात घेतली आणि माझ्याकडे बघत अर्धा ग्लास रिकामा केला. म्हणाले, काही झालेलं नाही हिला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतकं आंबट पिताना कुणाचाही डोळा बारीक होतो, ओठ आवळतो. त्यांचं काहीच हललं नाही. माझा सगळा राग तिथेच अडला. मी विचारलं, जेवणाची चव लागते का तुम्हाला? नवीन काही गोळ्या सुरू झाल्यात का? त्यांनी ग्लास ठेवला आणि ते निघून गेले.

बरेच दिवस ते कुंपणाशी आले नाहीत. नवरा माझ्यावर घुश्शात, असं तोंडावर कशाला बोलायचं म्हणून. मीही त्याच्याशी धड बोलत नव्हते. मग एका संध्याकाळी आजोबा आमच्या पायरीवर येऊन बसले आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली. जन्मभर ओल्या बुटांत काढल्यामुळे त्यांच्या पायाच्या नखांना बुरशी होती. इकडे आल्यावर डॉक्टरांनी त्यासाठी त्या गोळ्या सुरू केल्या होत्या. मला ती गोळी चांगली माहीत होती. तिच्यामुळे काही लोकांची चव जाते, कधी वासही. थोड्यांचीच, पण जाते. मी म्हणाले, स्वतःच्या मनानं काही करू नका, उद्याच डॉक्टरांकडे जा आणि हे सांगा. बहुतेकांची चव परत येते, फक्त वेळ लागतो.

"मला वाटलं, वय झालं," ते म्हणाले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. कित्येक महिने जेवण त्यांना पुठ्ठ्यासारखं लागत होतं आणि त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं. बिअर बनवणाऱ्या माणसाची जीभ गेली हे सांगायचं कुणाला, असं म्हणाले. म्हणून ते बनवत राहिले, आठवणीनं, हातानं, घड्याळानं. आणि चाखणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून अंदाज घेत राहिले. चेहरे सगळे हसरे. मला त्या क्षणी त्यांची दयाही आली आणि सगळ्यांचा संतापही. त्यांचा, माझ्या नवऱ्याचा आणि नॉट बॅड म्हणणाऱ्या त्या सबंध पबचा.

डॉक्टरांनी गोळी बंद केली. नखांसाठी लावायचं औषध दिलं. उन्हाळा गेला. पिंप कोरडं होऊन घोडीवर पडून होतं आणि नवरा येता-जाता त्याच्याकडे बघून उसासे टाकत होता. एका सकाळी मी ड्यूटीला निघत होते तर आजोबा पायजम्यावरच दारात. "टूथपेस्ट," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "आज टूथपेस्ट लागली."

मला उशीर होत होता. तरी मी आत जाऊन त्यांना लिंबाची फोड आणून दिली. त्यांनी ती तोंडात धरली आणि त्यांचं सगळं तोंड वेडंवाकडं झालं. इतकं समाधान मला त्या दोन वर्षांत कशानंच दिलं नव्हतं.

मग अर्थातच पुन्हा बिअर. पुन्हा पिंप, पुन्हा फसफस. या वेळी ते रोज चाखायचे आणि रोज काहीतरी बिनसलेलं असायचं. दोनदा अख्खी बिअर ओतून दिली. पाणीच इथलं वेगळं, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं आगबोटीतून येईपर्यंत जुनी होतात, नाना तक्रारी. दर वेळी मला वास घ्यायला बोलवायचे. मी स्वयंपाक टाकून, हात पुसत गॅरेजात जायचे, खुंटीपाशी नाक न्यायचे आणि म्हणायचे, पाव. पाव आला की ते खूश.

हिवाळ्यात पबमध्ये दुसरी संध्याकाळ झाली. मागच्या वेळचे बरेच जण आले होते, मला त्यांच्या धीराचं कौतुक वाटलं. आजोबांनी पहिला ग्लास स्वतः घेतला. सावकाश प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले.

"ही ती नाही," ते म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा पडला. मला संतापच आला. माझं गॅरेज, आमचे शनिवार, ती वंदना, सगळं ज्या एका चवीसाठी, ती ही नव्हतीच. मी विचारलं, मग आता काय करायचं?

ते म्हणाले, ती ब्रुअरीबरोबर गेली असणार. नळाच्या पाण्यापासून भिंतींच्या ओलीपर्यंत सगळं होतं त्यात. मग पुन्हा ग्लासात बघितलं. "पण ही चांगली आहे." आणि मागे थांबलेल्या माणसासाठी त्यांनी दांडा ओढला. त्या संध्याकाळी नॉट बॅड कुणी म्हणालं नाही. कुणी काही म्हणालंच नाही, सगळे दुसरा ग्लास मागत होते.

पुढच्या खेपेपासून त्यांनी तिकडचे हॉप्स मागवणं सोडलं आणि इथल्याच नेल्सन भागात पिकणारे वापरले. पहिल्या दिवसापासून नवरा त्यांना हेच सांगत होता. शहरातल्या एका छोट्या ब्रुअरीनं ती बिअर परवान्यासकट आपल्याकडे बनवायला घेतली. आजोबा आठवड्यातून दोनदा तिथे जाऊन तिथल्या लोकांचं डोकं खायला लागले. पिंप गेलं, घोडी गेली. मी दोन दिवस गॅरेज घासून धुतलं आणि तिसऱ्या दिवशी माझी गाडी आत लावली.

त्याच शनिवारी नवरा पबच्या मालकाकडून बिघडलेलं ग्लास धुण्याचं यंत्र घेऊन आला. गाडी जरा बाहेर काढतेस का, म्हणाला.