नऊ-नऊचं कार्ड

साळवे गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी शिरूरच्या बाजारातून मेथी घेऊन नुकताच परतलो होतो. मेथी निवडून झाल्यावर पत्र पुन्हा वाचलं. दौंडकडच्या एका साखर कारखान्यात आम्ही सहा वर्षं एकाच टेबलावर बसलो. तेवढ्यात किस्से साठतातच. त्यांची आठवण करून द्यायला दुसरा माणूस लागतो, हे तेव्हा लक्षात येत नाही.

कामगारांच्या याद्या आम्ही कार्डांना भोकं पाडून करायचो. एका कार्डावर एक नाव. गठ्ठा पुण्याला कॉम्प्युटरवर जायचा आणि छापील यादी परत यायची.

शिकवायला पुण्याहून एक साहेब आले होते. ते म्हणाले, एकही नाव नसलं तरी लिस्ट ही लिस्टच. तिला ‘एम्प्टी लिस्ट’ म्हणतात.

साळवे मांडवगण फराट्याचा. त्यानं विचारलं, “म्हंजी जेवाय कुणीच न्हाई आलं, तरी पंगतच म्हणायची?”

साहेब म्हणाले, “पत्रावळी मांडल्या असतील, तर होय.”

एकदा दौंड स्टेशनवर माझ्या हातून गठ्ठा सुटला. नऊशे कार्डं! साळवेनं गठ्ठ्याच्या कडेवर आधीच पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढून ठेवली होती. ती जुळवत आम्ही फलाटावर बसलो. एक हमाल बराच वेळ बघत उभा होता.

“पत्ते लई हायेत. भिडू किती?”

गठ्ठ्याच्या तळाशी प्रत्येक रकान्यात नऊचं भोक पाडलेलं एक कार्ड असायचं. ते आलं की यादी संपली, असं मशीन समजायचं.

एका वर्षी कायम होणाऱ्यांच्या यादीत बाजीमामांचं नाव उशिरा मंजूर झालं. अकरा हंगाम ते बॉयलरवर होते. मी त्यांच्या कार्डाला भोकं पाडली आणि ते हजेरीच्या रजिस्टरात नवं नाव लिहितात तसं सगळ्यांच्या खाली ठेवलं. नऊ-नऊच्या कार्डाच्याही खाली. मशीननं ते वाचलंच नाही.

नोटीस बोर्डावरची यादी मामांनी दोघांकडून वाचून घेतली. मग आमच्या टेबलाशी आले. माझ्याकडं न बघता साळवेला म्हणाले, “हे तुझंच काम. व्हय का न्हाई?”

“व्हय मामा. चुकलं.”

लागलेली यादी बदलायची पद्धत नव्हती. मामा त्या वर्षीही हंगामी म्हणूनच घरी गेले. पुढच्या वर्षी कायम झाले. माझ्या शेजारी बसून रोज चहा प्यायचे. साळवेशी पुन्हा बोलले नाहीत.

तसं का म्हणालास, असं मी साळवेला एकदा विचारलं.

“त्यांनी मला इचारलं. तुला न्हाई.”

मामा आता केंदूरला असतात. ते कार्ड कुणी ठेवलं, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.