शेजारच्या आजींना न्यायला आलेला पोनी

मंडळी, दुपारपासून डोक्यातून टापांचा आवाज जातच नाहीये.

शेजारच्या डच आजी कोरोनाने गेल्या. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी, म्हणून इथे नेदरलँड्समध्ये, हार्लेममधल्या आमच्या गल्लीतले सगळे आपापल्या दारात उभे होतो. शवपेटीची गाडी एक काळा पोनी ओढत होता.

"आई, दॅट्स मॅक्स!" माझी सात वर्षांची ईरा ओरडली. रायडिंग क्लासला ती त्याच्याच पाठीवर बसते. हे 'फेल' जातीचे ब्रिटिश पोनी कुठल्याही कामाला तयार असतात, असं तिथल्या बाई कौतुकाने सांगायच्या.

तिचा आवाज ऐकून मॅक्स आमच्या दारासमोरच थांबला. गाडीवानाने लगाम झटकला तरी हलेना. शेवटी ईराच हळूच म्हणाली, "गो, मॅक्स." मग निघाला.

उद्या तिचा क्लास आहे. मघाशी विचारत होती, "आई, विल मॅक्स टेक मी देअर टू? आजींना नेलं तिथे?"

नाही म्हणाले, पण तिची रायडिंगची बॅग अजून भरली नाहीये. तुम्ही तिला उद्या पाठवलं असतं का?