वरचा बांध

आमच्याकडे शेजार हाकेच्या अंतरावर, पण घोटभर चहाला जायचं तर आधी ओढ्यापर्यंत उतरा आणि मग तेवढंच चढा. त्यामुळे समोरच्या डोंगरावरच्या काकांचं आयुष्य मी बरंचसं माझ्या अंगणातूनच पाहिलं. त्यांना सगळे बांधकाकाच म्हणत.

उतारावर शेतं पायऱ्यांसारखी एकाखाली एक, प्रत्येकाला दगडी बांध. वरचा ढासळला की खालच्याच्या मानगुटीवर बसलाच. काकांचं शेत सगळ्यात खाली. वरची माणसं एकेक करून शहरात गेली, बांध काही त्यांनी नेले नाहीत. मग काका आधी एकाचे, मग दोघांचे, शेवटी अख्ख्या डोंगराचे बांध सावरू लागले. काकू म्हणायच्या, "भाजा लष्कराच्या भाकऱ्या. येतायत का ते बघायला?" भाकरी स्वतःचीच आहे हे त्यांनाही कळत होतं. त्यांना लेकीकडे जायचं होतं, एवढंच. काका दर वेळी म्हणत, "पुढच्या वर्षी बघू."

काका नुसता दगडावर दगड रचत, मध्ये फटी ठेवत. "पाण्याला वाट द्यावी, नाहीतर ते आपली आपण काढतं," हे मला त्यांनीच शिकवलेलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. सगळ्यात वरच्या बांधापर्यंत जाताना ते मध्येच बसू लागले. मग एक दिवस त्यांनी गाढवावरून सिमेंटच्या गोण्या वर नेल्या आणि त्या बांधाची एकूण एक फट लिंपून टाकली.

मी अलीकडून हाक मारली, "काका, पाणी कुठून जाणार?"

"जाईल गं कुठून तरी. दरवर्षी चढणं आता माझ्याच्यानं होत नाही."

मला रागच आला. ज्याला कळत नाही त्यानं चुकावं, काकांनी का? पण त्यांच्या मदतीला मीही गेले नसते, माझे गुडघे काही वेगळे नव्हते.

पावसाळ्याच्या मधोमध, भर दुपारी, तो बांध पोट सुटल्यासारखा फुगला आणि फुटला. त्याच्याबरोबर खालचे सगळे गेले. चिखल थांबला तेव्हा काकांचं शेत कुठून कुठवर होतं तेही ओळखू येईना.

मी पोचले तेव्हा काका पहार घेऊन अंगणात उभे होते. ती लावायची कुठे, हे त्यांना सुचत नव्हतं. काकू सवयीनं, तणतणतच म्हणाल्या, "आता तरी जायचं का लेकीकडे?"

"चल," काका म्हणाले.

काकू मटकन खाली बसल्या. इतकी वर्षं मागितलेलं मिळालं होतं आणि त्या रडत होत्या. "नाही म्हणा हो," त्या म्हणाल्या, "एकदा नाही म्हणा."

काकांनी पहार माझ्या हातात दिली. "तुला लागेल," म्हणाले. माझ्या शेताच्या वरचं घर त्या वर्षीच रिकामं झालं होतं.